बोलार्डच्या खोबणीचे झाकण

वाहने अडवण्यासाठी गल्लीच्या, पदपथाच्या किंवा सायकलमार्गाच्या तोंडाशी खांब उभे करतात. त्यांना बोलार्ड म्हणतात. त्यांतले काही कायमचे पुरलेले असतात, तर काही गरज पडली की उपसून बाजूला ठेवता येतात. उपसता येणारा खांब जमिनीत पुरलेल्या ज्या नळीत बसतो ती त्याची खोबण. खांब काढला की या खोबणीचे तोंड उघडे पडते आणि ते बंद करणारी तबकडी, पत्रा किंवा बिजागरीवर फिरणारी पट्टी म्हणजे खोबणीचे झाकण. अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका, कचऱ्याची गाडी, दुकानात माल उतरवणारा टेम्पो किंवा मिरवणूक आत घ्यायची असली की खांब निघतो. तो पुन्हा बसेपर्यंत त्या जागी पायाखाली एक भोक असते.

या झाकणाची आबाळ होण्याचे कारण तसे साधे आहे. निविदेत खांबाची उंची, रंग, त्यावरची परावर्तक पट्टी हे सगळे येते आणि काम पाहायला साहेब येतात तेव्हा खांब जागेवर उभा असतो. त्या दिवशी भोक कुणाला दिसतच नाही. ते पहिल्यांदा दिसते ते खांब काढणाऱ्या माणसाला आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा खांब असतो, झाकण नसते.

रचना : साधा खांब पोलादी नळीचा असतो. ११४ मिमी बाहेरील व्यास आणि ४.५ मिमी जाडी असलेल्या नळीचे वजन दर मीटरला सुमारे १२ किलो भरते. जमिनीवर एक मीटर आणि खोबणीत ४० सेंमी असा खांब म्हणजे साधारण १७ किलोचा ऐवज. एका माणसाने उपसावा असा. तो सहज आतबाहेर व्हावा म्हणून खोबण काही मिलिमीटर सैल ठेवतात, त्यामुळे तोंड १२० मिमीच्या आसपास रुंद होते. खोबणीभोवती काँक्रीटचा ठोकळा असतो. खालचे टोक बंद न करता खडीच्या थरावर टेकवतात, म्हणजे आत शिरलेले पाणी मुरून जाते. तोंडाशी चौकट असते आणि झाकण त्या चौकटीच्या खाचेत बसून वरच्या फरसबंदीशी एका पातळीत यावे लागते.

हल्लेखोर वाहन थोपवण्यासाठी चाचणी करून घेतलेले खांब याहून वेगळे. २०१३ साली आलेल्या आयडब्ल्यूए १४-१ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात अशा अडथळ्यांवर वाहन आदळवून पाहण्याची पद्धत दिली आहे. या चाचणीत टिकणारा काढता-घालता खांब बराच जड असतो. तो उचलायला यंत्र लागते आणि त्याच्यामागे उरणारे भोकही तितकेच मोठे असते. तिथे झाकण विसरणे म्हणजे मॅनहोल उघडे टाकण्यासारखेच.

चाक आणि भोक : १२० मिमी रुंदीचे भोक धोक्याचे आहे की नाही, हे चाकाच्या व्यासावर ठरते आणि साधी भूमितीच ते सांगते. सुमारे ६८ सेंमी व्यासाचे सायकलचे चाक अशा भोकावर बरोबर मधोमध आले तर जेमतेम ५ मिमी खाली उतरते. दहा इंची रिमच्या स्कूटरचे चाक ८ ते ९ मिमी उतरते. व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक १२५ मिमीचे असेल तर ते तब्बल ४५ मिमी खाली जाते आणि पलीकडच्या कडेला अडकते. खुर्ची जागच्या जागी थांबते, बसलेला माणूस मात्र पुढे फेकला जातो. प्रवासी बॅगेची, स्केट्सची आणि बाबागाडीची लहान चाके तर सरळ आत जातात. लहान मुलाचा पायही जातो. म्हणूनच ‘मी रोज स्कूटरवरून जातो, काही होत नाही’ ही साक्ष इथे काही कामाची नाही. पांढऱ्या काठीने वाट चाचपणाऱ्याला उभा खांब तरी काठीला लागतो. रिकामे भोक काठीच्या दोन फटक्यांच्या मधे सुटून जाऊ शकते.

अमेरिकेच्या अपंग-सुलभता मानकांनुसार चालण्याच्या पृष्ठभागातील फटीतून १३ मिमीपेक्षा मोठा गोळा जाता कामा नये. पातळीतला फरक ६.४ मिमीपर्यंत उभा चालतो. त्याच्या पुढे १२.७ मिमीपर्यंत कड उतरती करावी लागते आणि त्याहून जास्त फरक असेल तर तिथे उताराचा मार्गच हवा. झाकणाला हेच मोजमाप लावावे. म्हणजे नुसते भोक बुजवून भागत नाही, झाकणाची कडही वर राहता कामा नये. त्याच देशातील महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे आश्टोची, सायकलमार्गांविषयीची २०१२ ची मार्गदर्शिका दोन गोष्टी स्पष्ट सांगते: सायकलमार्गावर सवयीने खांब रोवू नयेत आणि रोवलेच तर त्यांची जमिनीतील बैठक पृष्ठभागाशी सपाट असावी.

झाकणाचे प्रकार : बिजागरीचे, सुटे आणि दाबून बसणारे असे तीन प्रकार नेहमी दिसतात. यांत बिजागरीचे झाकण निःसंशय सरस, कारण ते हरवत नाही. पण त्यालाही एक खोड आहे. खांब उभा असताना ते उलटून बाजूला पडते आणि तेव्हा तेच पायात येते. चांगल्या रचनेत उलटलेल्या झाकणासाठीही खाच ठेवलेली असते, किंवा खांबाच्या पायथ्याची कडी त्याला दाबून धरते. स्वस्त मालात ही खाच नसते आणि बिजागरीची खीळ पहिल्याच पावसाळ्यात गंजून धरते. मग कुणीतरी पहार घालून झाकण उपटते आणि गोष्ट मिटते.

सुटी तबकडी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. मात्र ती खांब काढण्याच्या वेळी सापडली पाहिजे. तिला साखळी लावणे, खांब ठेवण्याच्या कपाटातच तिचा खण करणे आणि दर दहा खांबांमागे एखादी तबकडी जास्तीची घेणे हे उपाय कागदावर फुटकळ वाटतात, पण झाकण टिकते ते त्यांच्याच जोरावर. लोखंडाला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे कुलूप नसलेली बिडाची तबकडी फार दिवस राहत नाही. तंतू-प्लॅस्टिकच्या किंवा पोलादी तंतू घातलेल्या काँक्रीटच्या झाकणाला भंगारवाला विचारत नाही. तिसरा प्रकार रबरी डाटाचा: दोन तबकड्यांमधले रबर बोल्ट आवळल्यावर फुगते आणि नळीत घट्ट बसते. पादचाऱ्यांच्या जागी तो चांगला. गाडीच्या चाकाखाली मात्र त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

कुलपाचाही विचार लागतो. जर्मनीत डीआयएन ३२२३ या मानकातील तिकोनी किल्ली अग्निशमन दलाकडे असतेच, म्हणून खांबांची कुलपेही त्याच मापाची करतात. आपल्याकडे प्रत्येक खांबाला वेगळे कुलूप आणि त्याची किल्ली वॉचमनच्या खिशात, असा मामला पुष्कळ ठिकाणी असतो. झाकण उघडायला साधे बोट पुरत असेल तर मुले ते उघडतात. आणि खास पान्हाच लागत असेल तर खांब काढणारा ते परत लावायचा कंटाळा करतो. किल्ली एकच, खांबालाही तीच आणि झाकणालाही तीच, ही तडजोड सगळ्यांत टिकाऊ ठरते.

भार : खांब निघतो तोच मुळी गाडी जावी म्हणून, तेव्हा झाकणावरून गाडी जाणारच. एवढी उघड गोष्टही पुष्कळदा डावलली जाते आणि पादचाऱ्यांसाठीचा पातळ पत्रा अग्निशमन बंबाखाली वाकतो. युरोपातील ईएन १२४ मानकात झाकणांचे वर्ग ठरलेले आहेत: केवळ पादचारी व सायकलसाठी ए१५, म्हणजे १५ किलोन्यूटन, ढोबळ दीड टन, पदपथ व मोटारींच्या तळासाठी बी१२५, रस्त्याच्या वाहत्या भागासाठी डी४००. भारतात बिडाच्या मॅनहोल झाकणांसाठी आयएस १७२६ आणि काँक्रीटच्या झाकणांसाठी आयएस १२५९२ ही मानके आहेत. त्यांत हलके २.५, मध्यम १०, जड २० आणि अतिजड ३५ टन अशा श्रेणी आहेत. ही मानके मॅनहोलची असली तरी खोबणीच्या झाकणाची मागणी नोंदवताना त्यांतली श्रेणी लिहिणे शहाणपणाचे, नाहीतर ‘मजबूत झाकण’ एवढ्यावर पुरवठादार काहीही आणून देतो. सोसायटीच्या फाटकाशी फक्त मोटारी येत असल्या तरी पाण्याचा टँकर वर्षातून चारदा येतोच, आणि श्रेणी त्या टँकरला धरून निवडायची असते.

पाणी, गाळ, कचरा : उघडी खोबण भरायला वेळ लागत नाही. माती, पाने, बिडीची थोटके, पानमसाल्याच्या पुड्या आत जातात, तळची खडी चोंदते आणि मग पाणी मुरत नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे कोरडा दिवस पाळताना कुंड्यांच्या ताटल्या आणि टायर यांच्यासोबत या नळ्याही रिकाम्या करायला हव्यात. थंड देशांत वेगळीच अडचण: आतले पाणी गोठून फुगते, कुलूप धरते आणि वर राहिलेल्या झाकणात बर्फ ढकलणाऱ्या गाडीचे पाते अडकते.

कचऱ्याने रस्त्यावरची यंत्रणा कशी बसते याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या बर्बन स्ट्रीटवर सापडते. तिथे २०१७ साली जमिनीतील रुळावर सरकणारे खांब बसवले होते. मार्डी ग्रा उत्सवात उधळल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळा त्या रुळांत जाऊन अडकत आणि खांब सरकेनासे होत. शेवटी ते काढून उपसता येणारे पोलादी खांब बसवण्याचे काम सुरू झाले. ते चालू असतानाच १ जानेवारी २०२५ च्या पहाटे एका हल्लेखोराने त्या रस्त्यावरच्या गर्दीत गाडी घातली; १४ जण दगावले. एका घटनेचा सगळा दोष मण्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. पण रस्त्याच्या पातळीतली कोणतीही फट त्या रस्त्यावर जे सांडते त्याने भरते, हे गृहीत धरूनच रचना करावी लागते.

तात्पुरते झाकणे : झाकण हरवले आहे आणि खांब तर संध्याकाळपर्यंत काढून ठेवायचा आहे, अशी वेळ येतेच. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे खांब परत जागेवर घालणे. तो कुणाला सुचत नाही एवढेच. ते शक्य नसेल तर अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचे बांधकामावरील भोकांबाबतचे नियम रस्त्यावरही उपयोगी पडतात. सर्वांत अरुंद बाजू दोन इंच किंवा जास्त असलेली पोकळी म्हणजे भोक. त्यावरच्या आच्छादनाने वरून जाणाऱ्या माणसांच्या व सामानाच्या वजनाच्या दुप्पट, आणि वाहनांचा रस्ता असेल तर सर्वांत मोठ्या वाहनाच्या आसाच्या भाराच्या दुप्पट भार पेलला पाहिजे. ते वाऱ्याने किंवा पायाने हलता कामा नये आणि खाली भोक आहे हे रंगाने किंवा अक्षरांनी कळले पाहिजे.

नुसती टाकलेली प्लायवुडची फळी यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. ती सरकते, शिवाय भोक झाकून ठेवते, म्हणजे माणूस बेसावधपणे तिच्यावर पाय देतो. पोलादी चेकर प्लेट घ्यावी, तिच्या खालच्या बाजूला नळीत शिरेल असा आडवा तुकडा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे ती घसरत नाही. कडा घासून उतरत्या कराव्यात आणि वर पिवळा रंग द्यावा. खोबण वाळूने भरून वर थंड डांबराचा थर देणे एक-दोन दिवसांसाठी ठीक, पण मग कुणीतरी ती वाळू उकरून काढायची असते आणि ती कुणीच काढत नाही. शंकू ठेवायचा तर पाहायला माणूस हवा. खड्ड्यात झाडाची फांदी खोवून ठेवण्याची आपली पद्धत दिवसा निदान इशारा तरी देते. रात्री तिचा उपयोग शून्य.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एका ज्येष्ठ डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचा विषय ऐरणीवर आला. पाण्याखाली भोक दिसत नाही, हा त्यातला मुद्दा लहान खोबणींनाही लागू पडतो, फक्त तिथे जिवाऐवजी घोटा जातो. २०२३ मध्ये मुंबईतील पदपथांवरच्या बोलार्डमुळे व्हीलचेअर वापरणाऱ्यांची वाट अडते, या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती चर्चा खांबांमधल्या अंतराची होती. मात्र अडचण होते म्हणून घाईने खांब उपसले आणि खोबण तशीच सोडली तर त्याच खुर्चीचे पुढचे चाक तिथे अडकणार.

मांडवांचे खड्डे हा याचाच जुना भाऊबंद. गणेशोत्सवात मांडवाच्या वाशांसाठी रस्ता उकरतात आणि उत्सव सरला की खड्डे मागे राहतात. मुंबई महापालिका दर खड्ड्याला दोन हजार रुपये दंड आकारत असे. २०२५ मध्ये तो पंधरा हजार केला, तेव्हा मंडळांनी ओरड केली आणि तो पुन्हा खाली आला. काही मंडळे वाळू किंवा काँक्रीट भरलेल्या पिंपांत वासे उभे करतात. त्यात रस्त्याला हातच लागत नाही. जिथे दरवर्षी त्याच जागी मांडव पडतो तिथे झाकणाच्या पक्क्या खोबणी करून ठेवणे सोयीचे दिसते खरे, पण मग वर्षातले साडेअकरा महिने त्यांची राखण कुणी करायची ते आधी ठरवावे लागेल. बंदिस्त क्रीडागृहांत हा प्रश्न सुटलेला आहे: व्हॉलीबॉलच्या खांबांच्या खोबणींवर लाकडी जमिनीच्या पातळीत बसणारी झाकणे असतात आणि खेळाडू त्यांवरून धावतात. तिथे ऊन-पाऊस नाही, ट्रक नाही आणि राखणारा एक माणूस ठरलेला आहे.

खोबण बंद करणे : खांब कायमचा काढायचा असेल तर झाकण ठेवून चालत नाही, खोबण मारूनच टाकावी. आधी गाळ उपसून नळी कोरडी करतात. नळीचे वरचे दहा-एक सेंटिमीटर कापून काढतात, कारण तसेच ठेवले तर लोखंडी कड पुढे फरसबंदीतून वर डोकावते. उरलेली नळी काँक्रीटने ठासून भरतात आणि वर भोवतीच्या मालाचाच थर देतात: डांबर असेल तिथे डांबर, पेव्हर ब्लॉक असतील तिथे नवे ब्लॉक. काँक्रीट आकसून मधे खळगा पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा तपासतात.