नागपूरची दिवाळखोरीची वकिली मुंबईकडे कशी वळली

दिवाळखोरीवरच संपूर्ण व्यवसाय उभारणारा वकील नागपुरात अलीकडेपर्यंत विरळाच होता. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयात दिवाणी वकीलच चालवीत. पाचशे रुपयांचे देणे असलेला किंवा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अटक झालेला ऋणको असा अर्ज करू शकत असे. सामान्य व्यक्तींपुरता तो कायदा अजूनही टिकून आहे, कारण 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कर्जबाजारी कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू करण्यात आला.

खरी वकिली कंपन्यांची. 1956 च्या कंपनी कायद्यानुसार 500 रुपयांहून अधिक देणे असलेल्या कंपनीला तीन आठवड्यांची नोटीस द्यायची आणि पैसे न आल्यास उच्च न्यायालयात वाइंडिंग अपचा, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा, अर्ज करायचा, ही रीत. हा अर्ज वसुलीचे हत्यार नव्हे, असे न्यायालये पुनःपुन्हा बजावीत. वकील तो त्यासाठीच करीत. हे काम नागपूर खंडपीठासमोर, म्हणजे घरच्या अंगणात चाले.

डिसेंबर 2016 मध्ये मात्र देणी फेडण्यास असमर्थ ठरलेल्या कंपन्यांविरुद्धचे प्रलंबित अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नागपूरकरांसाठी त्याच्या मुंबईतील पीठाकडे, वर्ग करण्याचे नियम आले, आणि एका किरकोळ वाटणाऱ्या अटीने वर्षानुवर्षांची कामे दुभंगली. अर्जाची प्रत प्रतिवादी कंपनीवर 1959 च्या नियमांनुसार बजावली गेली असेल, तर अर्ज उच्च न्यायालयात राहणार होता. बजावणी झाली नसेल, तर तो मुंबईला जाणार होता. कर्ज किती, कंपनी किती बुडालेली, याचा त्या निवडीशी काहीच संबंध नव्हता. फाइलमध्ये पोस्टाची पोच आहे की नाही, तीवरचा शिक्का कधीचा, यावर वाद रंगले. वर्ग होणाऱ्या अर्जाची आवश्यक माहिती मुदतीत न दिल्यास अर्जच संपुष्टात येई, ही अट तर धनकोवर अन्यायच करणारी होती. 2018 च्या दुरुस्तीने कोणत्याही पक्षाला अर्ज वर्ग करण्याची मागणी करता येऊ लागली, आणि परत फिरता येणार नाही अशी पावले वाइंडिंग अपमध्ये उचलली गेलेली नसतील, तर प्रकरण वर्ग करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले. तोवर चार वर्षे उलटली होती.

नव्या अर्जांसाठी तर मुंबईच. वरवर पाहता प्रश्न 800 किलोमीटरहून अधिक अंतराचा होता. प्रत्यक्षात तो, रात्रीची गाडी पकडून सकाळी हजर राहायचे आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीत, प्रकरण न निघाल्यास पुढची तारीख घेऊन परतायचे, एवढा खर्च लहान धनकोने कोणत्या रकमेसाठी करावा, असा होता. साथीच्या काळात ऑनलाइन सुनावण्या आल्या तेव्हा हा भार बराच हलका झाला.

त्याच सुमारास, 24 मार्च 2020 रोजी, न्यायाधिकरणात अर्ज करण्यासाठी लागणारी थकबाकीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटी झाली. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील पुरवठादाराचे चाळीस लाख अडकले असतील, तर त्याच्या वकिलाला आता व्यावसायिक दावा दाखल करावा लागतो किंवा सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याकडे वळावे लागते. दहा वर्षे वकिली झालेल्यांना परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत नादारी व्यावसायिक, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारी व्यक्ती, होण्याची वाट याच संहितेने खुली केली आहे, परंतु त्या वाटेने जाणाऱ्यालाही आदेशासाठी मुंबईच्याच न्यायाधिकरणाकडे पाहावे लागते.