ओंदोल

ओंदोल : कोरियन घरातील जमीन खालून तापविण्याची पारंपरिक पद्धती. अस्सल कोरियन नाव गुदुल. चूल खोलीबाहेर किंवा लगतच्या स्वयंपाकघरात असते. तिची झळ आणि धूर खोलीच्या जमिनीखालील दगडी धूरमार्गांतून फिरून पलीकडच्या धुराड्यावाटे बाहेर पडतात व वाटेत वरचे दगड तापवितात. एकाच विस्तवावर भात शिजतो आणि खोलीही ऊबदार होते. आपल्याकडे चुलीचा वैल जसा मूळ विस्तवाच्या उरलेल्या झळीवर चालतो, तसेच हे तत्त्व, मात्र सबंध खोलीएवढ्या विस्ताराचे.

रचना : चुलीच्या तोंडाला आगुंगी म्हणतात. आगुंगीच्या आत धूरमार्ग एकदम चढतो आणि तेथे एक आडवा उंचवटा असतो. त्यामुळे झळ आत ओढली जाते आणि राख चुलीकडेच अडते. पुढे मातीच्या किंवा दगडी आडभिंतींनी केलेले समांतर धूरमार्ग असून त्यांवर सपाट दगड बसवितात. यासाठी सहज पापुद्रे सुटणारा अभ्रकी सुभाजा हा खडक पसंत केला जाई. विसाव्या शतकात दक्षिण चल्ला प्रांतातील पोसोंगजवळच्या ओबोंग डोंगरावरून ओंदोलचे दगड मोठ्या प्रमाणावर निघत. आगुंगीजवळचे दगड जाड आणि त्यांवरचा मातीचा थरही जाड. दूरच्या टोकाला दोन्ही पातळ. असे केले नाही तर एका टोकाला चटका बसतो आणि दुसरे गारच राहते. धुराड्यापूर्वी एक खोल खड्डा ठेवतात. त्यात काजळी साठते आणि बाहेरून उलट शिरणारी थंड हवा अडते. दगडांच्या फटी चिखलाने काळजीपूर्वक बुजवितात, वर मातीचा गिलावा करतात आणि त्यावर कागदाचे थर चिकटवून त्यांना तेल पाजतात. ही तेलकट, पिवळसर जमीन पुसता येते आणि खालचा धूर वर येऊ देत नाही. 1780 मध्ये चीनचा प्रवास केलेल्या पाक ची-वन या विद्वानाने मांचुरियातील खालून तापविलेल्या झोपण्याच्या ओट्यांशी तुलना करून कोरियन ओंदोलचे सहा दोष नोंदविले आहेत. दगड ओबडधोबड, त्यांना खड्यांचे टेकू, माती वाळली की सगळे ढासळते, धूरमार्ग गरजेपेक्षा रुंद, अशी ती टीका आहे. ओंदोलच्या बांधणीवर इतके बारकाईने लिहिलेले जुने लेखन थोडेच असल्याने तिचे मोल मोठे आहे.

उगम : हा प्रश्न वादग्रस्त आहे. जमिनीखालून खोली तापविण्याच्या कल्पनेचा संबंध काहींनी रोमन स्नानगृहांशी जोडला. परंतु तेथे जमीन खांबांवर उचललेली असते, येथे ती धूरमार्गांच्या भिंतींवर टेकलेली असते, आणि दोन्हींना सांधणारा पुरावा नाही. अलास्कातील अमाकनाक बेटावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत दगडी धूरमार्ग सापडल्यावर त्यांनाही ओंदोल म्हटले गेले. तो स्वतंत्र शोध मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पुराव्याच्या दृष्टीने भक्कम जागा आहे ती कोरियाच्या ईशान्य सीमेवरील तुमेन नदीचे खोरे आणि लगतचा रशियाचा किनारी प्रदेश. तेथील क्रोउनोव्का संस्कृतीच्या घरांत भिंतीलगत काटकोनात वळणारे एक-दोन धूरमार्ग आढळतात. या संस्कृतीचा काळ साधारणपणे इ. स. पू. चौथ्या शतकापासून पुढे काही शतके धरला जातो आणि तिचा संबंध उत्तर ओकजो या प्राचीन लोकांशी लावतात. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील इतिहासकार सोंग की-हो यांनी उगम येथेच मानला असून उपलब्ध अवशेषांशी हे मत सर्वांत जुळते. अर्थात, दक्षिणेत साचोन येथील नुकदो बेटावरही बरेच जुने अवशेष मिळाल्याने प्रसाराचा मार्ग एकच होता असे म्हणता येत नाही.

वाङ्मयीन पुरावा त्याहून उशिराचा. 945 मध्ये पूर्ण झालेल्या चीनच्या तांग वंशाच्या जुन्या इतिहासात कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्यातील लोकांविषयी म्हटले आहे, की त्यांच्यात गरीब पुष्कळ असून हिवाळ्यात ते लांब चर करून खाली मंद विस्तव ठेवतात व ऊब घेतात. हे वर्णन सबंध जमिनीचे नसून भिंतीलगतच्या तापत्या ओट्याचे असावे. याउलट, सहाव्या शतकाच्या आरंभी ली ताव-युआन या चिनी भूगोलकाराने आजच्या हपै प्रांतातील एका विहाराचे जे वर्णन केले आहे (हजार भिक्षू मावतील असे सभागृह, खाली दगडी पोकळ मार्ग, बाहेर चारी बाजूंना पेटविलेल्या चुली), त्यात पूर्ण तापणारी जमीन स्पष्ट दिसते. उत्तर कोरियातील आनाक येथील इ. स. 357 च्या थडग्यातील स्वयंपाकघराचे चित्र ओंदोलचा पुरावा म्हणून नेहमी दिले जाते. पण त्यात दिसते ती स्वयंपाकाची चूल. चिरी पर्वतातील चिलबुल विहाराची प्रसिद्ध, दोन पातळ्यांच्या बैठकीची ध्यानखोली परंपरेने सिल्ला राज्याचा राजा ह्योगोंग याच्या कारकिर्दीतील (897–912) मानतात. एकदा पेटविली की ती कित्येक आठवडे ऊबदार राहते अशी ख्याती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ती जळाली व नंतर पुन्हा बांधण्यात आली.

प्रसार : खोलीची संपूर्ण जमीन तापविण्याची पद्धत कोर्यो काळाच्या (918–1392) उत्तरार्धात रूढ झाली असावी, यांगजू येथील हेआम विहाराच्या अवशेषांत ती विस्तृत प्रमाणात दिसते. त्यानंतरच्या चोसन राज्याच्या आरंभी मात्र ती सार्वत्रिक नव्हती. यी इक (1681–1763) या विद्वानाने वृद्धांकडून ऐकले होते, की शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या सरदारांच्या घरीही ओंदोलच्या एक-दोनच खोल्या असत आणि त्या म्हाताऱ्यांसाठी व आजाऱ्यांसाठी राखलेल्या असत. म्हणजे ज्याला ‘अनादि’ कोरियन घर समजले जाते ते बव्हंशी सतराव्या शतकानंतरचे आहे. याच काळातील कडक थंडी हे प्रसाराचे एक कारण सांगतात. सरपणासाठी डोंगर उघडे पडले, हा त्याचा परिणाम.

राहणी : जोडे बाहेर काढणे, बुटक्या मेजावर जेवणे, दिवसा गादी घडी करून ठेवणे हे सारे या जमिनीला धरून आहे. चुलीजवळची ऊबदार बाजू (आरेनमोक) वडीलधाऱ्यांची व पाहुण्यांची. उशिरा येणाऱ्याचे भाताचे झाकलेले भांडे तेथेच पांघरुणाखाली ठेवीत. सोयाबीन आंबविण्यासाठीही तीच जागा. उन्हाळ्यासाठी मधली फळ्यांची ओसरी असे. चेजू बेटावर ओंदोलची चूल स्वयंपाकाच्या चुलीपासून वेगळी असते.

आधुनिक काळ : कोरियन युद्धानंतर सरपणाची जागा भोके पाडलेल्या कोळशाच्या वड्यांनी घेतली. जंगले वाचली, पण जमिनीच्या भेगांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने दर हिवाळ्यात झोपेतच माणसे मरत. जमिनीखालील नळ्यांतून गरम पाणी खेळविण्याची पद्धत व पुढे गॅसचे बॉयलर आल्यावर हा धोका खूपच कमी झाला. दक्षिण कोरियातील बहुमजली इमारतींतही आज जमीनच तापविली जाते. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना टोकियोतील एका घरात अशी कोरियन खोली अनुभवता आली होती. 1937 च्या जेकब्ज निवासात त्यांनी जमिनीखालून उष्णता दिली. ओंदोल संस्कृतीला दक्षिण कोरियाने 2018 मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.