काचेचं झाकण: आट्यांचं वेगळं, दाबाचं वेगळं

"आतलं यंत्र दिसावं म्हणून घड्याळाला मागून काच लावायची आहे. झाकणाचा व्यास ३४ मिलिमीटर आहे. कुठलं मागवू?" या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडून दिलंय, कारण उत्तर देता येईल असं त्यात काहीच नसतं. बाहेरून मोजलेल्या व्यासाचा झाकण बसण्याशी जवळपास संबंध नाही. झाकण आट्यांचं आहे की दाबाचं, हे आधी सांगा.

ओळखणं अवघड नाही. कडेला पान्यासाठी खाचा असतील तर आट्यांचं. कड गुळगुळीत आणि एकाच जागी सुरीचं टोक जाईल एवढी फट असेल तर दाबाचं. चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू असतील तर तो तिसराच प्रकार, त्यात सहसा कोणी गोंधळत नाही. मॉडेलच्या नावावर मात्र विसंबू नका. जुन्या बाजारातल्या घड्याळांची झाकणं अनेकदा बदललेली असतात, म्हणून हातातलं घड्याळ उलटं करून बघा.

आट्यांचं झाकण तुम्हाला माहीत असतंच. सेइकोचं एसकेएक्स००७ हे डायव्हिंगचं घड्याळ त्याचं नेहमीचं उदाहरण. १९९६ ते २०१९ एवढी वर्षं ते बनलं आणि त्यात हौशी बदल करणारे जगभर आहेत, त्यामुळे त्याच्या नावाने काचेची झाकणं तयार मिळतात. आटे जुळतात, गॅस्केटला (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला) सिलिकॉन ग्रीस लावायचं, पान्याने आवळायचं. आवळताना जोर धातूच्या कडेवर येतो, काचेवर नाही. विषय संपला.

खरी गंमत दाबाच्या झाकणात आहे. इथे आटे नसतात. झाकणाच्या आतल्या बाजूला एक उभी कड असते, ती केसच्या तोंडात घट्ट शिरते आणि तिच्यावरच सगळं झाकण टिकतं. बहुतेक वेळा पाणी अडवणारी रिंगही त्याच जागी दाबली जाते. म्हणजे धरून ठेवणं आणि बंद करणं ही दोन्ही कामं एकाच कडेची. ती एक दशांश मिलिमीटर लहान पडली तर मनगट टेबलाच्या कोपऱ्यावर आपटताच झाकण निघून येतं. तेवढीच मोठी झाली तर बसतच नाही, आणि मग लोक कानस काढतात. कानस काढू नका. घासलेली कड गोल राहत नाही, रिंग एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते. 'सगळ्या घड्याळांना चालणारं' दाबाचं काचेचं झाकण विकणाऱ्याला एवढंच विचारा की आतल्या कडेचा व्यास किती आणि उंची किती. उत्तर बहुधा येत नाही.

मोजायचंच असेल तर जुनं झाकण काढा, रिंग बाजूला ठेवा आणि व्हर्नियरने तीन मापं घ्या: केसच्या तोंडाचा आतला व्यास, जुन्या कडेचा बाहेरचा व्यास आणि कडेची उंची. त्या कडेत एके ठिकाणी कापलेला तुकडा आहे का तेही पाहा. चावीची दांडी केसमध्ये शिरते त्या जागेसाठी तो कापलेला असतो. नव्या झाकणाला तो काप नसेल किंवा असूनही चावीसमोर आला नसेल, तर तुम्ही दाबत राहता, झाकण तिरकं अडकतं आणि भलत्याच ठिकाणी जोर पडतो. बसवताना झाकण दाबायच्या प्रेसची चकती फक्त कडेवर टेकली पाहिजे, काचेवर टेकली तर काच गेली. दोन्ही अंगठे काचेच्या मधोमध ठेवून दाबणाऱ्यांचं काय करावं ते मला कळत नाही.

माझं मत विचाराल तर दाबाच्या झाकणासाठी तयार माल शोधूच नका. त्याच घड्याळाचं दुसरं मूळ झाकण मिळवा, लेथवर त्याच्या मधोमध भोक पाडून घ्या आणि काच चिकटवा. कड मूळचीच राहते, म्हणजे अर्धी डोकेदुखी गेली.

खोलीचा प्रश्न दोन्ही प्रकारांना सारखाच. काच पत्र्याहून जाड असते, आणि ऑटोमॅटिक घड्याळात फिरता रोटर (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) झाकणाच्या अगदी जवळ असतो. रोटरच्या मधल्या स्क्रूवर रोडिकोचा (घड्याळजी सफाईला वापरतात त्या मऊ लगद्याचा) बारीक गोळा ठेवा, झाकण बसवा, उघडा. गोळा पार सपाट झाला असेल तर रोटर काचेला घासणार. यंत्राभोवतीचं प्लास्टिकचं कडं झाकणानेच दाबून धरलेलं असेल तर उलटी भीती असते, नवं झाकण कमी खोल शिरलं की यंत्र आत हलायला लागतं.

नीलमणी (सॅफायर) काच की साधी, यावर होणारे वाद मला पटत नाहीत. मागची काच मनगटाला टेकते, तिच्यावर ओरखडे पडणार कुठून? त्यापेक्षा आत बघण्यासारखं काय आहे ते पाहा. एसकेएक्स००७मधल्या ७एस२६ यंत्राचा रोटर म्हणजे साधा धातूचा तुकडा, आणि तो अर्धं यंत्र झाकून टाकतो. एचएमटी जनतासारख्या चावीच्या घड्याळात रोटरच नसतो, बॅलन्स व्हील, म्हणजे टिकटिकीसोबत मागेपुढे फिरणारं चाक, उघडं दिसतं. काच लावायची तर तिथे.

पाण्याचं म्हणाल तर डायलवर २०० मीटर छापलेलं असलं तरी ते मूळ झाकणासकट होतं. आता काच आणि धातू यांच्यामध्ये एक नवा सांधा आलाय. दाब-चाचणी करून घ्या, नाहीतर नळाखाली धरू नका. आणि काढलेलं जुनं झाकण फेकू नका. सेइकोत त्याच्यावर अनुक्रमांक असतो, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरं चिन्ह महिन्याचं (ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला अक्षरं). पुढे घड्याळ विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिल्यांदा तेच मागेल.