पात्र चुकलं की लेखक चुकला?

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी मांगामधला (चित्रकथेतला) सेलचा भाग वाचताना जवळपास प्रत्येक वाचक एका ठिकाणी चिडतो. व्हेजिटा हा गर्विष्ठ योद्धा जिंकत असतो. खलनायक सेल अजून पूर्ण रूपात आलेला नसतो, मार खाऊन खिळखिळा झालेला असतो, आणि त्याला कायमचं संपवणं व्हेजिटाच्या हातात असतं. तेव्हा सेल त्याला डिवचतो: मला पूर्ण होऊ दे, मग खरी लढत बघ. आणि व्हेजिटा त्याला जाऊ देतो. अडवायला आलेल्या स्वतःच्या मुलावर, ट्रंक्सवर, उलट हल्ला करतो. पुढे पूर्ण झालेल्या सेलकडून व्हेजिटा सपाटून हरतो, आणि शेवटी ट्रंक्स सेलच्या हातून मरतो.

‘नारुतो’ हा मांगा वाचताना येणारी चीड वेगळ्या जातीची आहे. नारुतो अगदी पहिल्या प्रकरणापासून स्वतःची प्रतिरूपं काढतो. कथेच्या दुसऱ्या भागात त्याचा शिक्षक काकाशी त्याला सांगतो की प्रतिरूप नाहीसं झालं की त्याने घेतलेला अनुभव मूळ माणसाकडे परत येतो. म्हणजे शंभर प्रतिरूपांनी सोबत सराव केला, तर शंभरांचं शिकणं एकाच माणसाच्या पदरात पडतं. टेहळणीला पाठवलेलं प्रतिरूप मेलं तरी बातमी पोहोचते. मग इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, किंवा कुणी सांगितलं का नाही? शेकडो वेळा हे तंत्र वापरणाऱ्या नारुतोच्या नाही, त्याच्या शिक्षकाच्याही नाही?

चाहत्यांच्या गप्पांत या दोन्ही गोष्टींना एकच नाव मिळतं: मूर्खपणा. कुणी ‘प्लॉट होल’ (कथेच्या तर्कातलं भगदाड) म्हणतं. पण दोन्हींचा दोष एकाच्या माथी मारता येत नाही. पहिल्या ठिकाणी व्हेजिटा चुकला आहे आणि लेखक बरोबर आहे. दुसऱ्या ठिकाणी नारुतोचा काही दोष नाही, लेखकाने नियम मागाहून आणला आहे. ॲक्शन मांगामधली पात्रं शस्त्रं आणि डावपेच शहाणपणाने वापरतात का, हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यावरचे निम्मे वाद हा फरक न केल्यामुळेच भरकटतात असं माझं ठाम मत आहे. (इथून पुढे बऱ्याच कथांचे शेवट उघड होतील.)

व्हेजिटाचंच उदाहरण आधी पुरं करू, कारण त्यात एक गंमतीची गुंतागुंत आहे. सेलचं आधीचं रूप संपादकाला पसंत नव्हतं म्हणून त्याला बदलत न्यावं लागलं, असं ‘ड्रॅगन बॉल’चे लेखक तोरियामा यांनी नंतर सांगितलेलं आहे. म्हणजे सेल पूर्ण व्हावा ही लेखकाची गरज होती. पण गरज असणं म्हणजे चूक नव्हे. ती गरज कुणाच्या हातून भागवली, हे बघायचं. तोरियामांनी ती अशा माणसाच्या हातून भागवली, ज्याला पृथ्वी वाचवण्यापेक्षा आपण सर्वांत बलवान आहोत हे सिद्ध करणं महत्त्वाचं वाटतं. व्हेजिटा पहिल्यांदा पृथ्वीवर उतरला तेव्हापासून तसाच आहे. सेलने डिवचलं ते नेमक्या त्याच जागी. तिथे नायक गोकूचा मुलगा गोहान उभा असता आणि त्याने सेलला जाऊ दिलं असतं, तर मी लेखकाला दोष दिला असता.

याच भागात गोकू सेलला सेन्झू बी देतो, थकलेल्या शत्रूला ताजातवाना करतो आणि समोर गोहानला उभं करतो. हाही वेडेपणाच. पण गोहानचा गुरू पिकोलो त्याला तिथेच सुनावतो: गोहानला तुझ्यासारखी लढाईची हौस नाही, बाप आपल्याला मरताना नुसता बघतोय असं त्या पोराला वाटत असेल. ज्या चुकीवर वाचक बोट ठेवणार, तिच्यावर कथेतल्याच कुणीतरी आधी बोट ठेवलं, तर लेखकाला ती चूक दिसत होती हे नक्की. आणि त्या चुकीची किंमत गोकूने जीव देऊन मोजली.

तेव्हा एखादं पात्र मूर्खासारखं वागलं असं वाटलं की मी आधी बघतो, त्याला नक्की हवं काय होतं. ‘डेथ नोट’मधल्या लाइट यागामीबद्दल हा आक्षेप नेहमी येतो. त्याच्याकडे एक वही आहे, तिच्यात ज्याचं नाव लिहिलं तो मरतो. तिच्यात मृत्यूचं कारण लिहिण्याचीही सोय आहे. चाळीस सेकंदांत कारण लिहिलं नाही, तर माणूस हृदयविकाराने मरतो. मग लाइट गुन्हेगारांना अपघातात, आजारपणात का मारत नाही? कुणाला कधी संशयच आला नसता. उत्तर सोपं आहे. संशय यावा हीच त्याची इच्छा आहे. कुणीतरी न्याय करतंय हे जगाला कळलं पाहिजे, लोक घाबरून सुधारले पाहिजेत. पकडलं न जाणं हे त्याचं ध्येयच नाही, ती फक्त अट आहे. त्या ध्येयासाठी एकसारखे हृदयविकाराचे मृत्यू हेच योग्य हत्यार आहे.

त्याची खरी चूक पुढे आहे. टीव्हीवर एक माणूस स्वतःला एल (लाइटच्या मागावरचा गुप्तहेर) म्हणवतो आणि किराला (जगाने त्या अज्ञात मारेकऱ्याला दिलेलं नाव) दुष्ट म्हणतो. लाइट तडकाफडकी त्याचं नाव लिहितो. तो माणूस असतो फाशीची शिक्षा झालेला कैदी, आणि जगभर चालू आहे असं सांगितलेलं प्रक्षेपण असतं फक्त कांतो विभागात. एका फटक्यात एलला कळतं की किरा जपानच्या कुठल्या भागात आहे आणि तो माणसाजवळ न जाता मारू शकतो. लाइटने त्या रात्री काहीच केलं नसतं, तर एलच्या हाती काही लागलं नसतं. इतका हुशार मुलगा इतका सहज कसा फसला? कारण तो हुशार आहे त्याहून जास्त अहंकारी आहे. शेवटपर्यंत त्याला तोच नडतो.

दुसरी गोष्ट बघायची ती पात्राला काय माहीत होतं आणि त्याच्याकडे काय उपलब्ध होतं. इथे वाचकाचा आरामखुर्चीतला शहाणपणा सर्वांत जास्त आडवा येतो, आणि इथे ‘अटॅक ऑन टायटन’सारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

टायटन म्हणजे माणसं खाणारे महाकाय देह, त्यांच्या भीतीने माणसं उंच भिंतींच्या आत राहतात. टायटनला मारायचं तर मानेच्या मागचा भाग कापावा लागतो. त्यासाठी सैनिक कमरेला गॅसवर चालणारं ओडीएम गिअर लावतात, दोरखंडांचे आकडे झाडांत किंवा भिंतींत रोवतात आणि उडत जाऊन तलवारी चालवतात. पाती कटरच्या पात्यांसारखी खाचा पाडलेली असतात, बोथट झाली की टाकून नवी लावायची. २००९ मध्ये ही मालिका सुरू झाल्यापासून वाचक विचारत आले: तलवारीच का? यांच्याकडे बंदुका आहेत, तोफा आहेत. तंत्रज्ञान पुढे का जात नाही? बरेच जण म्हणाले, लेखक इसायामांना उडत्या तलवारबाजीची चित्रं काढायची होती, बाकी सगळा बहाणा.

काही वर्षांनी उत्तर आलं. भिंतींच्या आतली राजवटच तंत्रज्ञान दाबत होती. गुप्त पोलिसांपैकी एकाकडून छळ करून वदवून घेतलेल्या कबुलीत मारलेल्या माणसांची यादी येते: बंदुकीची ताकद वाढवू पाहणारा, आकाशात उडू पाहणारं जोडपं, नको इतका विचार करणारा शिक्षक. तो शिक्षक म्हणजे या सैनिकांचा प्रमुख एर्विन याचे वडील. ती राजवट उलथल्यावर थंडर स्पिअर नावाचं स्फोटक शस्त्र तयार होतं आणि ज्या चिलखती टायटनवर तलवारी मोडत होत्या त्याचं कवच फुटतं. जो लेखकाचा कच्चेपणा वाटत होता तो कथेतल्या राज्यकर्त्यांचा गुन्हा निघाला. मला हे वाचताना फार मोठं समाधान मिळालं, आणि तेव्हापासून चालू मालिकेबद्दल घाईने निकाल द्यायचा नाही हे मी पाळतो.

या मालिकेतले डावपेचही असेच पारखून बघण्यासारखे आहेत. ओडीएम गिअरला आकडा रोवायला उंच काहीतरी लागतं, मोकळ्या माळावर ते निरुपयोगी. म्हणून एर्विन माळावर लढतच नाही. त्याची लांब पल्ल्याची रचना टायटन टाळण्यासाठी आहे: घोडेस्वार दूरवर विखुरलेले, टायटन दिसला की लाल धूर, विचित्र वागणारा दिसला की काळा, आणि मग दिशा बदलायला हिरवा. मादी टायटनला पकडायचं ठरतं तेव्हा तो तिला प्रचंड झाडांच्या जंगलात ओढून नेतो, कारण तिथे त्याच्या माणसांची हत्यारं चालतात.

शिगानशिना शहराच्या लढाईत हेच उलट होतं. टायटनचं रूप घेऊ शकणारा शत्रू झीक, बीस्ट टायटन होऊन, मोकळ्या जागेत उभा राहतो, दगडांचा चुरा करून फेकतो आणि समोरची घरं सपाट करत जातो. आडोसा जातो, आकडे रोवायची जागाही जाते. शत्रूच्या शस्त्राचा जीव कशात आहे हे झीकने बरोबर ओळखलं आहे. एर्विनकडे उरतो एकच उपाय: नवख्या सैनिकांना घेऊन घोड्यावरून सरळ चाल करून जायचं, मरायचं, आणि त्या गोंधळात आपल्या सर्वोत्तम लढवय्याला, लीवायला, बाजूने पोहोचू द्यायचं. लीवाय आकडे रोवतो ते झीकने पळवाट अडवायला उभ्या केलेल्या टायटन्सच्याच अंगात. झीक मात्र त्या पोरांच्या आत्मघाताने संतापलेला असतो, बेसबॉलच्या गोलंदाजासारखा ‘परफेक्ट गेम’च्या नादात दगड फेकत असतो, आणि बाजूला बघतच नाही. कुणी म्हणेल, इतका चतुर माणूस बाजू उघडी कशी ठेवतो? मी म्हणेन, त्या बेसबॉलच्या नादामागे त्याचं सगळं बालपण आहे, आणि ते पुढे कथेत येतं. ती चूक त्याचीच आहे, उसनी नाही.

शस्त्राच्या निवडीबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. शस्त्र खऱ्या जगात चालेल का, हा प्रश्न मी बाजूलाच ठेवतो. तोंडात तिसरी तलवार धरून लढणारा झोरो कुठल्याही आखाड्यात टिकणार नाही, आणि त्याने ‘वन पीस’चं काहीही बिघडत नाही. कथेच्या आतल्या नियमांत ते शस्त्र त्या माणसाला शोभतं का, इतकंच बघायचं. ‘डीमन स्लेयर’मधल्या शिनोबूच्या हातात राक्षसाचं डोकं उडवण्याइतकं बळ नाही. म्हणून तिची तलवार कापायला नाही, टोचायला घडवलेली आहे, आणि टोकातून विस्टेरिया या फुलाचं विष जातं. स्वतःची मर्यादा ओळखून निवडलेलं शस्त्र म्हणून मला ती तलवार झोरोच्या तिन्हींपेक्षा प्यारी आहे.

काही वेळा संपूर्ण साहित्यप्रकाराची सवयच एका लेखकाच्या माथी मारली जाते. लढता लढता शत्रूला आपलं तंत्र समजावून सांगणं ही तशी सवय. वाचकाला नियम कळावेत म्हणून लेखकाला ती लागते, पण पात्राच्या बाजूने बघितलं तर तो शुद्ध घात आहे. बहुतेक मालिकांत मी ही चूक सरळ लेखकाच्या खात्यावर टाकतो. ‘जुजुत्सू कायसेन’ने मात्र तिच्यातून वाट काढली: आपलं तंत्र उघड केलं की त्याची ताकद वाढते, हा नियमच केला. नानामी लक्ष्याचे दहा भाग पाडून सात-तीनच्या बिंदूवर घाव घालण्याचं गणित मोठ्याने सांगतो तेव्हा तो काहीतरी देऊन काहीतरी घेत असतो. लेखकाची सोय पात्राच्या डावात बसली की तक्रारीला जागा राहत नाही.

लेखक खरोखर चुकतात तेव्हा त्याचं कारण बहुधा वेळापत्रकात असतं. साप्ताहिकात दर आठवड्याला वीसेक पानं द्यायची, वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिकेचं भवितव्य, आणि छापून गेलेलं प्रकरण मागे घेता येत नाही. कादंबरीकार शेवटी सुचलेला नियम पहिल्या प्रकरणात जाऊन पेरू शकतो. ‘नारुतो’च्या किशिमोतोंना प्रतिरूपांचा नियम सुचला तेव्हा आधीची शेकडो प्रकरणं लोकांच्या हातात होती. हे समजून घेतल्यावर माझा राग निवळतो, पण चूक ती चूकच राहते.

आता एक असं उदाहरण जिथे मला स्वच्छ निकाल देता येत नाही. ‘डीमन स्लेयर’मधलं राक्षससंहारक दल नवख्या पोरांना एकेकटं किंवा तुटपुंज्या गटांनी मोहिमांवर पाठवतं. नातागुमो पर्वतावर आधी गेलेली तुकडी जवळजवळ संपते, मग नायक तान्जिरो आणि त्याचा साथीदार इनोसुके पोहोचतात, मागून झेनित्सू, आणि त्यानंतर कुठे गियू आणि शिनोबू हे दोन हाशिरा (दलातले सर्वोच्च योद्धे). ताकद अशी थेंबाथेंबाने ओतायची नसते, हे युद्धाचं अगदी पहिलं शिक्षण. पात्राची चूक म्हणावी तर दलाचा प्रमुख उबुयाशिकी मूर्ख नाही. शेवटी हाच माणूस स्वतःच्या घराला आमिष करतो, बायको आणि दोन मुलींसह स्फोटात जळून जातो, कारण राक्षसांचा मूळपुरुष मुझान त्याच्यासाठी नक्की येईल हे त्याला कळतं. डोकं उडवूनही न मरणाऱ्या, फक्त उन्हाने मरणाऱ्या मुझानला सूर्योदयापर्यंत अडकवून ठेवायचं, ही त्या रात्रीची सगळी योजना शहाणपणाची आहे.

कथेला या ढिसाळपणाची जाणीव आहेच. नातागुमोनंतर दलाचा दर्जा घसरल्याबद्दल हाशिरा त्या तुकडीतल्या बिचाऱ्या मुराताला फैलावर घेतात. हाशिरा अवघे नऊ, त्यांना सांभाळायचा मुलूख मोठा, हेही मान्य. पण त्या बैठकीनंतर बदलत काही नाही. नवख्यांना हाशिरांकडून शिकवायला सुरुवात होते ती बरीच पुढे, राक्षस दिसेनासे झाल्यावर, जेव्हा कथेला मोकळा वेळ मिळतो तेव्हा. पिकोलोच्या बोलण्याचा गोकूवर परिणाम झाला, तसा मुरातावरच्या रागाचा कुणाच्याच निर्णयावर झालेला दिसत नाही. म्हणून मी अर्धा दोष उबुयाशिकीच्या पदरात घालतो, आणि अर्धा लेखक गोतोगे यांच्या.