रोलरने चेहऱ्यातली ‘विषारी द्रव्यं’ निघतात का?

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरणारा मेसेज: ‘रोज सकाळी जेड रोलर फिरवा, विषारी द्रव्यं निघून चेहरा कायमचा बारीक होतो.’ जेड रोलर म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचं गुळगुळीत दगडाचं छोटं लाटणं.

चेहऱ्यावरची सकाळची सूज उतरते हे खरंच, म्हणून तर विश्वास बसतो. पण उतरतं ते पाणी. रात्रभर आडवं झोपल्यावर ते डोळ्यांभोवतीच्या पातळ, सैल त्वचेत साठतं. रात्री पापड-लोणचं, वर मिसळ असं खारट झालं असेल तर जरा जास्तच. उठून वावरायला लागलं की ते आपोआप ओसरतं. रोलर त्याला थोडी घाई करतो, गार स्पर्शाने रक्तवाहिन्या आकसतात, एवढंच. चरबी जागच्या जागी राहते. विषारी द्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात.

पडताळा घ्यायचाय? उठल्याउठल्या फक्त डाव्या बाजूला रोलर फिरवा. लगेच एक फोटो, दुपारी त्याच जागी दुसरा. दुपारपर्यंत बहुधा दोन्ही बाजू सारख्या दिसतील. दुसऱ्या दिवशी रोलरऐवजी फ्रिजमधला स्टीलचा चमचा वापरून बघा, गार स्पर्शाचं काम तोही करतो.

तुळशीबागेतून घासाघीस करून रोलर आणलाच असेल तर वापरा खुशाल. हात हलका ठेवा, रोलर धूत जा, मुरमांवरून नको. सूज दिवसभर टिकत असेल किंवा पायही सुजत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो.