बॅकगॅमन: रेटिंग वेगळं, पीआर वेगळा

दिग्रसकडच्या आमच्या गावात रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं-तिघं मोबाईलवर बॅकगॅमन खेळतो. फासे टाकून आपल्या सगळ्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढील तो जिंकला, असा हा खेळ. परवा एका डावात माझ्या दोनच सोंगट्या उरल्या होत्या, बाहेर पडायच्या टोकाकडून एक चौथ्या घरात, एक पहिल्या. समोरच्याच्या दोन्ही पहिल्या घरात, म्हणजे त्याची पाळी आली की डाव त्याचाच. 36 पैकी 29 फाशांत माझ्या दोन्ही बाहेर पडतात. मी डाव दुप्पट केला, म्हणजे एकाऐवजी दोन गुण पणाला लावले; समोरच्यानं ते घ्यायचं, नाही तर 1 गुण देऊन डाव सोडायचा. त्यानं तिथंच सोडायला हवा होता, त्यानं घेतला. मला दोन-एक पडलं, तो जिंकला.

"जितलो ना भाऊ, मंग चूक कायची?"

रेटिंग त्याच्या बाजूनं बोलेल, पीआर माझ्या. दोन्हींत 'रेटिंग' हा शब्द आहे (पीआर म्हणजे परफॉर्मन्स रेटिंग), म्हणून लोक गोंधळतात. त्यात बुद्धिबळातलं परफॉर्मन्स रेटिंग हे तिसरंच काही. ते निकालांवरूनच काढतात.

रेटिंगची मूळ पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं बुद्धिबळासाठी बसवली. कोण जिंकलं आणि समोर कोण होतं, एवढंच ती बघते. 1992 साली सुरू झालेल्या फिब्स या बॅकगॅमनच्या इंटरनेट सर्व्हरनं त्यात मॅचची लांबी धरली. तिथं नवा खेळाडू 1500 वर सुरू होतो. त्या सूत्रानं रेटिंगमध्ये 100 गुणांनी वरचा खेळाडू 7 गुणांची मॅच (डावामागून डाव खेळत आधी 7 गुण करील तो जिंकला) शंभरात 57-58 वेळा जिंकतो. बुद्धिबळात एवढ्याच फरकाला 64 टक्के मिळतात. छोट्या मॅचमध्ये फाशांचा वाटा मोठा असतो, हे फिब्सच्या सूत्रात धरलेलं आहे. बरोबरीच्या दोन जुन्या खेळाडूंत अशा मॅचला रेटिंगचे साधारण 5 गुण इकडचे तिकडे होतात. म्हणजे खेळ तोच राहून फासे रुसले आणि दहापैकी सात मॅच गेल्या, तर 20 गुण सहज जातात.

पीआर निकाल बघतच नाही. एक्स्ट्रीम गॅमनसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक चाल तपासतं, सर्वोत्तम चालीपेक्षा किती गमावलं ते मोजतं, जिथं खरंच निवड करायची होती अशा निर्णयांवर सरासरी काढून 500 नं गुणतं. आकडा जितका लहान तितका खेळ चांगला. 5 च्या खाली म्हणजे जागतिक दर्जा. मॅचचा स्कोअर बाजूला ठेवला, तर त्या रात्री डाव सोडून त्याचा 1 गुण जाणार होता. घेतल्यावर 2 गुण पणाला, 36 पैकी 29 वेळा हार आणि 7 वेळा जीत, म्हणून सरासरीनं 1.22 जाणार होता. चूक 0.22 ची. डावात त्याचे 40 निर्णय धरले, तर या एका चुकीनंच पीआर जवळपास 2.8 नं चढला.

आपल्याकडं धूळपेरणी करणाऱ्याला निकाल आणि निर्णय यांतला हा फरक सांगावा लागत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं सांगितलेलं असतं. एखाद्यानं कोरड्यात कापूस टोबला आणि पाऊस वेळेवर आला, की गावभर त्याचं कौतुक. तोच निर्णय दुसऱ्या साली दुबार पेरणी करायला लावतो. झडतीवरून, म्हणजे पिकाच्या उताऱ्यावरून, शेतकरी जोखणं म्हणजे रेटिंग. पेरताना त्याच्या हाती काय माहिती होती ते बघणं म्हणजे पीआर.

तरी पीआरवर आंधळा विश्वास नको. नुसती पळापळ असलेल्या सोप्या डावात कुणाचाही पीआर छान दिसतो, गुंतलेल्या डावात दोघांचाही बिघडतो. आणि समोरच्याला मुद्दाम अवघड जागी नेऊन चुकवणं हे कसब पीआरच्या हिशेबात येत नाही; रेटिंगमध्ये ते मुरतं, पण शेकडो मॅचनंतर. एका संध्याकाळचा पीआर म्हणूनच कुणाला सांगू नये. माझं मत विचाराल, तर कौशल्य जोखायला शंभरेक डावांचा पीआर हवा. कुणाशी खेळायचं हे ठरवायला मात्र रेटिंग पुरतं.

फुकट मिळणारं जीएनयू बॅकगॅमन फाशांचं नशीबही वेगळं मोजून दाखवतं. तो डाव आम्ही त्यात घालून पाहिला. स्क्रीनवर आपली चूक पाहून तो बराच वेळ गप्प होता. आता शेवटच्या पाळीला कुणी दुप्पट केलं, की बोटांवर फासे मोजतो: 36 पैकी 9 तरी आपले आहेत का? नसतील, तर घेण्यात 1 गुणापेक्षा जास्त जातो, म्हणून डाव सोडतो.