अंतराळ पोशाख : सांधे आणि धूळचाचणी

अंतराळ पोशाखाचे हातमोजे, कोपर, खांदे, गुडघे हवा न गळता वाकत राहावेत यासाठी केलेली रचना आणि तिची जमिनीवर होणारी परीक्षा.

पोशाख हा मुळात माणसाच्या आकाराचा फुगा. अमेरिकी अंतराळवीर स्थानकाबाहेर वापरतात त्या पोशाखात शुद्ध ऑक्सिजन असतो, दाब ४.३ पौंड प्रति चौरस इंच. आपल्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरी तो ताठरतो. मोटार बंद असताना घडी होणारा सपाट पाइप पाणी सुटताच कसा दांड्यासारखा होतो, हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडलेले सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांचा पोशाख असाच फुगला; आतला दाब कमी केला तेव्हा कुठे त्यांना यानात शिरता आले. म्हणून सांध्याला चुण्या देतात, फिरत्या कड्या बसवतात. मग तो सांधा फुगवून हजारो वेळा वाकवायचा, लागणारा जोर आणि होणारी गळती मोजायची.

चंद्रावर यात धुळीची भर पडते. अपोलो १२ या चांद्रमोहिमेतील पीट कॉनरॅड यांच्या पोशाखाची गळती चंद्रावरच्या पहिल्या फेरीनंतर मिनिटाला ०.१५ आणि दुसरीनंतर ०.२५ पौंड प्रति चौरस इंच झाली, मर्यादा ०.३० होती. तिसरी फेरी नव्हती, हे बरेच झाले.

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्टची, थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची, मैदाने. तापीचा गाळपट्टा सोडला तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जमिनीखालचा काळा पाषाणही बेसाल्टच. पण येथे पाऊस, ऊन आणि मुळे त्याला कुजवतात. त्याची चिकण काळी माती होते, कापूस पिकतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वैशाखातला फुफाटा डोळ्यांत गेला तर चुरचुरतो, पण त्याचे कण झिजलेले असतात. चंद्रावर वाहते पाणी नाही, वारा नाही. बारीक उल्कांच्या माऱ्याने दगड फुटतो, वितळून काच होतो, आणि कणांच्या धारा कायम राहतात. वर ते विद्युतभारित होऊन कापडाला चिकटतात.

चाचणीसाठी नकली चांद्रमाती बनवतात. अमेरिकेत ॲरिझोनातील ज्वालामुखीची राख वापरली गेली. भारतात इस्रोने तमिळनाडूतील सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट हा फिकट खडक दळला, कारण तो चंद्राच्या उजळ, उंच भागाशी जुळतो. काळ्या मैदानांसाठी खानदेशी दगड घ्यायचाच झाला तर तो न कुजलेला, ताजा फोडलेला हवा. खडी क्रशरखालची भुकटी एक वेळ चालेल, शेतातली माती नाही.